दमणचा किल्ला पाहून येताना

बोईसरमध्ये कुणी ‘दमणला जाऊन आलो’ म्हणालं, तर ऐकणारा किल्ला कसा होता असं विचारत नाही. तो डोळे बारीक करतो आणि माझ्यासाठी काही आणलंस का, एवढंच विचारतो. म्हणून सोसायटीच्या फळ्यावर ‘संजाण, उदवाडा, दमण : एक दिवसाची ऐतिहासिक सहल’ असा कागद लागला तेव्हा निम्म्या पुरुषांना त्यातल्या ‘ऐतिहासिक’चं हसू आलं. इंदुबाईला आलं नाही. तिने कागद शेवटपर्यंत वाचला. तळाशी जाड अक्षरांत लिहिलं होतं, सहलीत मद्यपान करणाऱ्यास वाटेत उतरवले जाईल. तिथे तिची नजर बराच वेळ अडकून राहिली.

जायचं तिच्या नवऱ्याच्या मनात आलं होतं. पंढरी तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होता आणि जन्मभर प्यायला. गेल्या वर्षी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, डॉक्टरांनी हात टेकले होते. इंदुबाईने त्याला दवाखान्यातून अक्षरशः ओढून परत आणला. तेव्हापासून त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. मुलगा अक्षय मात्र त्याआधीच बायको आणि लहानग्या स्वराला घेऊन पालघरला वेगळा राहायला गेला होता. आईला फोनवर म्हणाला होता, बाबा असेच सरळ राहिले तर गणपतीला घरी येतो, आणि जमलं तर राहतोच. त्या एका वाक्यावर इंदुबाई जगत होती. पंढरी पुन्हा प्यायला तर सगळं मुसळ केरात, हे तिला झोपेतही आठवत असे.

“माणसांत जाऊ दे की मला,” पंढरी म्हणाला होता. “सगळी सोसायटी चाललीय. मी काय रोगी हाय का घरात बसायला?”

“दमण हाय ते,” ती म्हणाली.

“दमण हाय म्हणूनच. तिथं जाऊन कोरडा परत आलो की तुज्या जिवाला घोर राहायचा नाय.”

 गेली ती, पण डोळ्यांत तेल घालून गेली.

सहल नेणारा विक्रम हा क्लासमध्ये इतिहास शिकवणारा तरुण. रविवारी अशा सहली काढायचा. गळ्यात माइक, हातात छत्री, आणि बोलण्यात असा उत्साह की पाचशे वर्षांपूर्वी तिथे स्वतः हजर असल्यासारखा. संजाणच्या स्तंभापाशी त्याने इराणातून गलबतांनी आलेल्या पारशांची गोष्ट सांगितली. आपला अग्नी जपत ती माणसं परक्या किनाऱ्यावर कशी उतरली, तिथल्या राजाने त्यांना कसा आसरा दिला, सगळं. बायका डोक्यावर पदर घेऊन ऐकत होत्या. इंदुबाईने त्यातलं निम्मं ऐकलं. पंढरी गाडीमागे लघवीला गेला होता आणि जरा जास्तच वेळ लागला होता.

तो आला तशी ती जवळ सरकली, खांद्यावरचा कचरा झटकल्यासारखं केलं आणि श्वास ओढून घेतला. पंढरीला कळलं. त्याला नेहमीच कळायचं. त्याने मान दुसरीकडे वळवली.

उदवाड्याला अग्निमंदिरात परक्यांना प्रवेश नाही. विक्रमने बाहेरूनच लाकडी ओटे, उंच खिडक्या आणि समुद्राकडे जाणारी गल्ली दाखवली. तिथे पंढरी एका ओट्यापाशी पुंडलिक आणि धर्मेश यांच्याशी बोलत उभा राहिला. पुंडलिक वरच्या मजल्यावरचा, रिटायर झालेला. धर्मेश चिंचणीचा, बायको सलोनीबरोबर हल्लीच सोसायटीत राहायला आलेला. इंदुबाई लगबगीने तिथे जाऊन उभी राहिली. पुरुषांचं बोलणं आटलं. सासू आल्यावर सुना गप्प होतात तसं झालं, आणि ते तिलाही दिसलं. पण ती हलली नाही.

“काकी, आमी काय खात नाय काकांना,” धर्मेश हसत म्हणाला.

ती हसली नाही. पंढरीचे कान मात्र लाल झाले.

दमणला गाडी शिरली आणि दुतर्फा दारूच्या दुकानांच्या पाट्याच पाट्या. इंदुबाईने नवऱ्याला खिडकीतून उठवून आतल्या बाजूला बसवला, स्वतः खिडकीला बसली. भर दुपारी दुकानांतले दिवे चालू होते. सगळ्या गाडीला ती उठबस दिसली. कुणीतरी मागे फिसकन हसलं.

मोटी दमणच्या किल्ल्यात झाडांखाली जेवणं झाली. भाकरी, ठेचा, वांगं. रिकामे डबे इंदुबाईने कापडी पिशवीत भरले आणि पिशवी पंढरीच्या हातात दिली. मग विक्रम सगळ्यांना तटावर घेऊन गेला. खाली नदी समुद्राला मिळत होती, पलीकडे नानी दमणचा दुसरा किल्ला, मध्ये होड्या. पोर्तुगीज इथे चारशे वर्षं राहिले, तो सांगत होता, आणि गेले तेव्हा कित्येकांना वाटत होतं की ते कधी जाणारच नाहीत. इंदुबाईने सहज मागे पाहिलं तर पंढरी नव्हता.

 ती पायऱ्या उतरून वेशीपर्यंत जवळजवळ पळत गेली. चर्चच्या बाजूने पंढरी येत होता, एका हातात पिशवी, दुसऱ्यात खारे शेंगदाणे. बरोबर धर्मेश होता. तो तिला बघून पुढे सटकला. पंढरी हसत होता. वर्षभरात त्याच्या तोंडावर इतकी खुशी तिने पाहिली नव्हती, आणि त्याआधी पाहिली होती ती एकाच कारणाने.

“कुठं गेला होता?”

“इथंच की. घे, शेंगदाणे खा.”

तिने तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं, या वेळी कचरा झटकायचं सोंगही न करता. शेंगदाण्यांचा वास आला. दुसरा कसलाच नाही. तरी तिला हायसं वाटलं नाही. पंढरीचं हसू ओसरलं, आणि पुडी त्याने तिच्या हातात न देता पिशवीत टाकली.

परतीला दमणची हद्द संपण्याआधी विक्रमने गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याचा माइकवरचा आवाज बदलला होता.

“मंडळी, आता ऐका. पुढे चौकी आहे, आणि चौकीपलीकडे गुजरात. तिथे दारूबंदी. घरी जायला आपल्याला तेवढा पट्टा ओलांडावाच लागतो. गाडीत एक बाटली सापडली तरी गाडी जप्त होईल आणि बायकापोरांसकट रात्र ठाण्यात जाईल. कुणाकडे काही असेल तर आत्ताच द्या.”

कुणी हललं नाही. विक्रम आणि ड्रायव्हर पुढून एकेक पिशवी उघडून बघू लागले. बायकांच्या पर्सा, पोरांची दप्तरं, भेळेचे पुडे. पंढरीच्या पायाशी पिशवी होती. विक्रम ती सोडूनच पुढे जात होता. “तुमचं काय बघायचं काका,” तो म्हणालाही. पण ड्रायव्हरने सवयीने हात घातला, आणि भाकरीच्या डब्याखालून, टॉवेलात गुंडाळलेल्या दोन चपट्या बाटल्या निघाल्या.

मागची माणसं सीटवरून उठून बघू लागली.

“काका,” विक्रम म्हणाला, “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

पंढरीने तोंड उघडलं. त्याने एकदा मागे पाहिलं. धर्मेश खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. पुंडलिक खिडकीबाहेर बघत होता, जणू बाहेर आणखी एखादा किल्ला होता. पंढरीने मान पुढे वळवली आणि इंदुबाईकडे पाहिलं. बोलायच्या आधी तिचं काय म्हणणं आहे ते बघावं, असं काहीसं होतं त्याच्या पाहण्यात.

इंदुबाईला शब्द शोधावे लागले नाहीत. ते पाठ केल्यासारखे आले.

“मला ठाऊकच होतं. सकाळपासून ठाऊक होतं. बघा हो सगळी, हा माणूस सुधारला म्हणून मी दारोदार सांगत फिरले. अक्षय घर सोडून गेला. त्याचं काय चुकलं? माजंच चुकलं. दवाखान्यातनं तुमाला परत आणलं ना, तीच माजी चूक झाली.”

शेवटचं वाक्य गाडीत सगळ्यांनी ऐकलं. एका बाईने “अहो, असं नका बोलू” म्हणत तिचा दंड धरला. पंढरीने उघडलेलं तोंड मिटलं. ड्रायव्हरने बाटल्या खाली नेऊन झुडपात टाकल्या. विक्रमने पंढरीला पुढे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायला सांगितलं, आणि शाळेतल्या पोरासारखा तो उठून गेला. चौकीवर शिपाई वर चढला, बघून उतरला, गाडी सुटली.

तलासरी मागे पडल्यावर हायवेलगतच्या एका हॉटेलात चहाला थांबले. सूर्य बुडाला होता. हॉटेलाच्या एका अंगाला फॅमिली, दुसऱ्या अंगाला काळ्या काचेची परमिट रूम. इंदुबाई चहा न घेता गाडीच्या आडोशाला उभी राहिली. अक्षयला काय सांगायचं याची ती जुळवाजुळव करत होती. धर्मेश आला तो हात चोळत.

“काकी, एक सांगायचं हाय. रागावू नका. त्या बाटल्या माज्या होत्या. एक माजी, एक पुंडलिककाकांची.”

तिला पहिल्यांदा अर्थच लागला नाही.

“काकांनी हातसुद्दा लावला नाय. मीच ठेवल्या. आदी नको म्हनाले ते. मंग मी बोललो, काका, तुमच्या पिशवीवर कोन संशय घेनार? सगल्या गाडीचा तुमच्यावर भरवसा हाय. तर हसले. बोलले, असं म्हनतोस? ठेव मंग.”

“मग तवाच का नाय बोललास?”

“सलोनी होती ना गाडीत. तिला ठाऊक नाय मी घेतो ते.” तो खाली बघत राहिला. “मला वाटला काका सांगतील. सांगितला असता तर मी नाय बोललो नसतो.”

 त्याच्या अंगावर ओरडायलासुद्धा इंदुबाईपाशी जागा नव्हती. ती चहाच्या टेबलांपाशी गेली, पंढरी नव्हता. गाडीत नव्हता. मुतारीकडे नव्हता. मग तिने काळ्या काचेकडे पाहिलं, आणि पदर खोचून दार ढकललं.

“भाभी, फॅमिली उधर है,” वेटर म्हणाला. ती त्याच्या बाजूने आत गेली.

पंढरी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. पुढे क्वार्टर, झाकण उघडलेलं. ग्लास काठोकाठ भरलेला आणि न शिवलेला. पाण्याची बाटली, चण्यांची वाटी. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो ग्लासाकडे बघत होता.  ती समोरच्या खुर्चीत बसली आणि एका दमात बोलली.

“धर्मेशनं सांगितलं मला. तुमी नाय घेतल्या. मला आत्ता कळलं. चला, उठा. मी सगळ्या गाडीत सांगते, मोठ्यानं सांगते.”

“सांगितलं का त्यानं,” पंढरी म्हणाला. “बरं झालं.”

तो उठला नाही.

“चुकलं माजं,” ती म्हणाली. “पाया पडते तुमच्या. रागाच्या भरात बोलून गेले मी. दवाखान्याचं तर मनातसुद्दा नव्हतं.”

“त्याचं काय नाय. रागात माणूस बोलतं. मी काय कमी बोललोय का तुला एवढ्या वर्षांत?” त्याचा आवाज शांत होता. तिला शिव्या चालल्या असत्या. “तू नुसती रागावली असतीस तर मी उठून सांगणार होतो, ह्या माज्या नायत म्हणून. तोंडात आलं होतं. तुज्याकडं बघितलं आणि राहिलं.”

“म्हणजे?”

“बाटल्या निघाल्या ना, तवा मला वाटलं तू रडशील. नायतर मारशील. मी बघत होतो तुज्याकडं.” त्याने ग्लास बोटाने थोडा फिरवला, उचलला नाही. “तू सुटलीस, इंदू. वर्षभर तुजे खांदे वर चढलेले, ते खाली आले. रोज रात्री कडी वाजली की तू ज्याची वाट बघायचीस, ते एकदाचं आलं आणि तू मोकळी झालीस. असं दिसलं मला. मी पिऊ नये म्हणून तू देव पाण्यात ठेवलेस, ते मला ठाऊक हाय. पण मी प्यालो असं कळल्यावर तुला बरं वाटलं.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कोण राहिलंय म्हणून विक्रम विचारत होता.

“खोटं हाय म्हण,” पंढरी म्हणाला. “एवढं एकच म्हण. मी हे इथंच ठेवतो आणि येतो.”

तिला म्हणायचं होतं. खोटं आहे, एवढे दोन शब्द. ते खरे नसते तरी चाललं असतं, तेवढ्यावर माणूस घरी आला असता. पण त्या क्षणी गाडीत काय झालं होतं ते तिला आठवलं. बाटल्या टॉवेलातून बाहेर आल्या आणि आता पहारा संपला, आता उद्यापासून वास घ्यायचा नाही, कडीकडे कान लावून पडायचं नाही, असं अंगभर पसरत गेलेलं काहीतरी. ते तिने स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. ते या माणसाने समोर बसून पाहिलं होतं.

“चला ना,” ती म्हणाली. “अक्षय यायचाय गणपतीला.”

पंढरी थांबला. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, घाई न करता, ती म्हणेल म्हणून. ती टेबलाकडे बघत होती. तिचे ओठ हलले, पण त्यातून काही आलं नाही.

मग त्याने ग्लास उचलला.