निरोगी मेंदूची साखर

आमचे हे कशाला म्हणून घाबरत नाहीत, त्यामुळे घरातली सगळी भीती माझ्याच वाट्याला आलीय. गेल्या दिवाळीपासून बघतेय, शेतातला पंप चालू ठेवून घरी येतात, नातवाला पुतण्याच्या नावानं हाक मारतात. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी त्यांनी ह्यांनाच विचारलं, "कुठले पाव्हणे आपण?"

माझी भाची रुचिता मुंबईला इस्पितळात डोक्याच्या तपासणीच्या मशीनवर असते. तिला साठीच्या पुढची धडधाकट माणसं हवी होती.

"आजारी मेंदू ओळखायचा तर चांगला मेंदू किती साखर ओढतो ते आधी मोजून ठेवावं लागतं, मावशी," ती म्हणाली. शिरेतून साखरेसारखं औषध द्यायचं, ते डोक्यात कुठे किती जातं ते मशीन बघणार. हे लगेच तयार. मी मनात म्हटलं, बरं झालं, काय ते एकदाचं कळेल.

सहा तास पाण्याशिवाय काही नाही, साखर तर मुळीच नाही, असं रुचितानं फोनवर तीनदा बजावलं. आणि मी शहाणीनं निघताना उंबऱ्यात ह्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. चाळीस वर्षं ठेवतेय, हात आपोआप चालला.

मांडव्याहून मुंबईची लाँच सुटल्यावर मला आठवलं. पण पोरगी ओरडेल म्हणून तिला फोन केला नाही.

इस्पितळात रुचितानं ह्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. "काका, सकाळपासून काही खाल्लंत?"

"न्हाय. पाणीच प्यालो."

किती सहज म्हणाले! सकाळचं दही दुपारपर्यंत विसरला हा माणूस. मला राहवेना.

"अगं, मी दिली होती दही-साखर. त्यांना आठवत नाहीये," म्हटलं आणि तिथंच रडू फुटलं.

ह्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत दही सुकलेलं, साखर चिकटलेली.

"खाल्लंच न्हाय तर आठवू काय? पोरीनं तीनदा सांगितलं व्हतं. पन तू हात पुढं केलास, तुला नको कसं म्हनू? पाठ फिरवली आन् रुमालात घातलं."

रुचितानं आकडा बघितला आणि हसली. साखर अगदी हवी तेवढीच होती. आता काकांनी अर्धा तास अंधारात डोळे मिटून पडायचं, बोलायचं नाही, कसला विचारही करायचा नाही, म्हणाली.

"म्हनून सांगतो, रडू नको," हे मला म्हणाले. "तिथं पडून तुझाच इचार करीत बसंन, आन् पोरीचं मोजमाप चुकंल."

हे आत गेले. मी बाहेर बाकावर तो चिकट रुमाल हातात धरून बसले. फार माया आली मला ह्यांची.

रुचिता बाहेर आली तेव्हा तिला म्हटलं, पुढच्या खेपेला माझं नाव लिही. तीनदा सांगितलेलं विसरले ती मी.