प्रिंटरखालची नियमपुस्तिका

मी कला शाखेची एक जुनी नियमपुस्तिका आहे. जुनी म्हटलेलं मला चालतं. रद्दी म्हटलेलं चालत नाही, आणि आज तेवढ्यासाठीच मी तोंड उघडलं आहे.

मित्रांनो, माझा जन्म विद्यापीठाच्या छापखान्यात झाला. चौसष्ट पानं, निळा पुठ्ठा, पाठीत दोन पिना. माझ्यासारख्या दोनशे प्रती निघाल्या होत्या. आज एक उरली आहे, ती मी. माझ्यात गोष्ट नाही, चित्र नाही. पदवी हवी असेल तर काय काय करावं लागतं, एवढंच माझ्यात आहे. पंधरा तासांच्या शिकवणीला एक श्रेयांक. चार श्रेयांकांचा एक विषय. एका सत्राला वीस, सहा सत्रांचे एकशे वीस. आणि हे सगळं प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत. दहा वर्षं उलटली की मिळवलेले सगळे श्रेयांक बाद. मला कंटाळवाणी म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. मुरडोत. माझ्यावाचून एकाचंही प्रमाणपत्र निघालं नाही.

माझी जागा कार्यालयाच्या खिडकीत होती. तिथे मोठ्या बाई बसत. त्या मुख्य कारकून होत्या, पण शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. दरवर्षी एखादा नियम बदले आणि त्याची छापील पट्टी येई. ती पट्टी बाई माझ्या पानावर जुन्या मजकुरावर लावत. पण डिंक फक्त वरच्या कडेला, बोटभर. पट्टी उचलली की खालचा नियम दिसे.

"खालचं झाकायचं नाही," त्या सांगत. "नवा नियम आला म्हणून जुन्या पोरांनी काय गुन्हा केला? ज्याचा प्रवेश ज्या वर्षीचा, त्याला त्या वर्षीचं पान."

माझ्या पाचव्या वर्षी नववा नियम बदलला. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान गटातला चार श्रेयांकांचा एक विषय घ्यावा, असं ठरलं. पट्टीच्या शेवटी एक ओळ होती : 'यंदाच्या आणि यापुढच्या प्रवेशांसाठी. आधीच्या विद्यार्थ्यांना लागू नाही.' बाईंनी ती पट्टी एकतिसाव्या पानावर नीट लावली. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या.

त्यांच्या खुर्चीवर आला तो एक घाईचा माणूस. समोरच्याचं बोलणं संपण्याआधीच तो "पुढचे!" म्हणून ओरडे, म्हणून त्याचं नावच 'पुढचे' पडलं. माझ्या आठव्या वर्षी नवव्या नियमाची आणखी एक पट्टी आली. बदल किरकोळ होता : विज्ञान गटातल्या विषयांची नवी यादी. वर लिहिलं होतं, 'प्रत्येक विद्यार्थ्याने पुढीलपैकी एक विषय घ्यावा.' पुढच्यांनी ती पट्टी आधीच्या पट्टीवर चारही कडांनी थापून बसवली. वर मूठ आपटली. 'आधीच्या विद्यार्थ्यांना लागू नाही' ही ओळ त्या मुठीखाली गेली.

पुढच्या वर्षी कार्यालयात संगणक आला. त्याला नियम शिकवायचे म्हणून माझं पान न् पान टंकून घेतलं. जे वर दिसलं ते टंकलं. मित्रांनो, यंत्राला मी दोष देत नाही. त्याला जेवढं दाखवलं तेवढंच त्याला कळलं. पण त्या दिवसापासून माझ्याकडे कोणी पाहीना. प्रिंटर एका बाजूला कलत होता, त्याखाली मला सरकवलं. माझ्या पाठीवर बसून तो 'अपात्र' असं छापू लागला. जुन्या प्रवेशाच्या तिघांना त्याने असं परत पाठवलं. त्या तिघांनी मुकाट्याने जास्तीचं सत्र करून विज्ञानाचा विषय दिला. मी खालून ओरडत होते, पण पुस्तकाचा आवाज उघडल्याशिवाय निघत नाही.

चौथी मात्र मुकाट्याने जाणारी नव्हती.

ती एका शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस होती. माझ्या चौथ्या वर्षी तिचा प्रवेश झाला होता. पाच सत्रं झाली, मग लग्न, मग मूल, मग सासऱ्यांचं आजारपण. सहावं सत्र तिने प्रवेशापासूनच्या दहाव्या वर्षी पूर्ण केलं. एकशे वीस श्रेयांक भरले. प्रमाणपत्रासाठी ती खिडकीशी आली, तेव्हा तिची नणंद बरोबर होती.

पुढच्यांनी कळ दाबली. प्रिंटर माझ्या पाठीवर थरथरला.

"विज्ञान गटाचे चार कमी आहेत. पुढच्या सत्रात विषय घ्या. पुढचे!"

"पुढच्या सत्रात मला अकरावं वर्ष लागतं," ती म्हणाली. "मग माझे एकशे वीसच्या एकशे वीस बाद होतील."

"त्याला मी काय करू, ताई? सिस्टीम घेत नाही."

"हिला काय आम्ही सिस्टीमच्या घरी सून म्हणून देतोय का, सिस्टीमने घ्यायला?" नणंद म्हणाली. "माझ्या वहिनीने पोराला मांडीवर घेऊन अभ्यास केलाय. नीट बघा."

रांगेत कोणीतरी हसलं. पुढच्यांचे कान लाल झाले.

वहिनी हसली नाही. तिने शांतपणे विचारलं, "माझ्या प्रवेशाच्या वर्षीचं नियमांचं पुस्तक दाखवा."

"ते जुनं झालं."

"आमच्या ग्रंथालयात जुनी आवृत्ती टाकून देत नाहीत. बाजूला ठेवतात. तुमची कुठे ठेवलीय?"

उत्तर दिलं ते शिपाईकाकांनी, चहाची किटली खाली ठेवत. "कुठे म्हणजे? ती काय, प्रिंटरच्या बुडाखाली. परवाच्या रद्दीच्या यादीत पण आहे."

मला ओढून काढलं. चार वर्षांनी माझ्या पानांना हवा लागली. एकतिसावं पान उघडलं, पुढच्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि विजयाने वाचलं, "प्रत्येक विद्यार्थ्याने. बघा. प्रत्येक."

त्या क्षणी मला स्वतःचीच चीड आली. मीच तिच्याविरुद्ध साक्ष देत होते.

पण ती बाई रोज पुस्तकांना चिठ्ठ्या डकवणारी होती. तिने पान चिमटीत धरलं आणि अंगठा फिरवला. "इथे दोन थर आहेत," ती म्हणाली. "एका पट्टीची एवढी जाडी नसते. खाली काहीतरी आहे."

"असेल. आता निघायचं नाही ते."

"निघतं. वाफेवर निघतं. काका, किटली गरम आहे?"

पुढचे उठून उभे राहिले. "हात लावायचा नाही! कार्यालयाचं रेकॉर्ड आहे ते. फाटलं तर?"

"अगं बाई!" नणंद म्हणाली. "रद्दीत चाललं होतं तेव्हा रेकॉर्ड नव्हतं वाटतं?"

शिपाईकाकांनी किटलीचं झाकण काढलं. वहिनीने मला वाफेवर आडवं धरलं आणि नखाने कड उचलायला सुरुवात केली. मित्रांनो, त्याने भाजतं. पानाचा खालचा कोपरा फाटला, एक पिन निखळली. मी मनात म्हणत होते, फाड गं, हवं तेवढं फाड, पण थांबू नकोस. अकरा मिनिटं लागली. वरची पट्टी सुटली आणि खालची ओळ ओली, पुसट, पण अक्षर न् अक्षर शाबूत, उजेडात आली.

तिने ती मोठ्याने वाचली. मग रांगेतल्यांना ऐकू जावी म्हणून पुन्हा वाचली.

"हे वर अधिष्ठात्यांना दाखवायला हवं," ती म्हणाली.

"पुस्तक बाहेर नेता येत नाही," पुढचे म्हणाले. आवाज मात्र बसला होता.

"मग तुम्ही न्या. आम्ही मागून येतो."

आणि मला घेऊन तोच माणूस दोन जिने चढला. अधिष्ठात्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला. "दुसरी पट्टी अशी कोणी लावली?"

पुढच्यांना सहज सांगता आलं असतं की माहीत नाही. पट्टीवर सही नसते. पण त्यांनी माझ्या ओल्या पानावर बोट ठेवलं. "मी लावली, सर. घाईत लावली. आणि हिच्याआधी तिघं परत गेलेत."

अधिष्ठात्यांनी अर्जावर 'पात्र' लिहून सही केली. बाहेर नणंदेने वहिनीला मिठी मारली आणि दोघी जिन्यातच रडत-हसत उभ्या राहिल्या. प्रमाणपत्र आठ दिवसांत निघालं. यंत्रातला नियम दुरुस्त झाला. पुढच्यांनी त्या तिघांना पत्रं लिहिली. पत्रात माफी होती. वाया गेलेलं सत्र पत्रातून परत देता येत नाही.

मलाही रद्दीच्या यादीतून काढलं. पुठ्ठ्यावर 'जपून ठेवणे' असं लिहिलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि अधिष्ठात्यांच्या काचेच्या कपाटात कुलपात ठेवलं. येणारे-जाणारे लांबून बघतात आणि छान जपलंय म्हणतात.

हे जपणं मला मान्य नाही, मित्रांनो. प्रिंटरखाली मला कोणी वाचत नव्हतं आणि इथेही कोणी वाचत नाही. माझी पानं मळू द्या, कोपरे दुमडू द्या, पण मला खिडकीत ठेवा, जिथे माणसं भांडतात. आणि तोवर एवढं करा : प्रवेश घ्याल त्या वर्षीचं पान मागून घ्या, स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कोणी म्हणालं की यंत्र नाही म्हणतंय, तर हलू नका. कपाट उघडायला लावा.