साहेबांच्या बाटलीतलं पाणी

त्या शहरातलं नळाचं पाणी कसलं जड होतं म्हणून सांगावं. यायचं नदीतूनच, पण वाटेत अख्खा चुनखडीचा डोंगर चाटून यायचं. किटलीच्या आत चुन्याचे थर चढत चढत शेवटी एका कपापुरती जागा उरायची. एका घरचा नळ रात्रभर ठिबकला आणि सकाळी त्याला दगडी दाढी फुटली. ती काढायला सलूनवाल्याला बोलवावं लागलं असं म्हणतात. खरं तर त्याने फक्त छिन्नी उसनी दिली.

या पाण्याशी खरं वैर होतं ते गल्लीतल्या लॉन्ड्रीवालीचं. फेसाऐवजी साबणाच्या गुठळ्या व्हायच्या. मशीनमधली पाणी तापवायची सळई चुना खाऊन खाऊन फुगली आणि एक दिवस कायमची गेली. लॉजच्या पांढऱ्या चादरी धुऊन निघायच्या त्या राखाडी. गेल्या खेपेला लॉजचा मॅनेजर चादर उजेडात धरून म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक विचारतं, ही धुवायची आहे की धुतलेली आहे? सोमवारच्या चादरी पांढऱ्या हव्यात, नाहीतर काम दुसरीकडे."

लॉजचं काम गेलं की लॉन्ड्रीला कुलूपच लागणार होतं.

उपाय नव्हता असं नाही. गल्लीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह होता. तो फिरवला की नदीच्या वरच्या अंगाचं मऊ पाणी आलं असतं. व्हॉल्व्हची किल्ली मात्र पाणीखात्याच्या साहेबांकडे. लॉन्ड्रीवालीच्या तक्रारीला साहेब न चुकता यायचे. आतून तिच्या सासूबाई बाटली भरून आणायच्या, साहेब तीत साबणाचे थेंब टाकून खळाखळा हलवायचे, आणि बाटलीत हा असा फेस.

"उत्तम पाणी," साहेब म्हणायचे. "साबण बदलून बघा."

तिने साबण बदलला, पावडर बदलली, बादल्या बदलल्या. बदलायचा राहिला तो फक्त नवरा. पाण्याला फेस येईना, तिच्या तोंडाला मात्र आला.

शनिवारी साहेब पुन्हा आले तेव्हा ती इस्त्री बाजूला ठेवून सासूबाईंच्या मागोमाग आत गेली. सासूबाई नळाकडे पाठ करून झाकलेल्या पातेल्यातून बाटली भरत होत्या.

"आई, हे कुठलं पाणी?"

"उकळलेलं. निवळून, गाळून ठेवलंय. साहेब येणार म्हणून."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळीही. बाहेरच्या माणसाच्या हातात नळाचं ते पाणी द्यायचं? म्हणेल काय, कसलं घर आहे."

लॉन्ड्रीवालीने कपाळ धरलं. "अहो, ते पाणी तो पीत नाही, तपासतो. उकळलं की चुना तळाला बसतो. आपण त्याला आपली तक्रारच गाळून देतोय."

"मग तसं आधी सांगायचं होतंस."

"हे सांगावं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

तिने बाटली ओतून टाकली आणि थेट नळाखाली धरली. चारचौघांत घरची अंतर्वस्त्रं वाळत घालावीत तसं तोंड करून सासूबाई भिंतीकडे वळल्या. बाहेर साहेबांनी बाटली हलवली. फेस नाहीच, नुसत्या पांढऱ्या गुठळ्या तरंगल्या.

"जड आहे," साहेब म्हणाले.

"वर्षभर दुसरं काय ओरडतेय मी? फिरवा व्हॉल्व्ह."

"तसं नाही होत, बाई. एकाच घरात जड निघालं म्हणजे दोष तुमच्या पाइपात. अख्ख्या गल्लीत निघालं तरच व्हॉल्व्ह. आणि गल्ली मी दारोदार तपासलीय. समोरच्या शिवणवाल्या काकूंकडे तर फेसाने बाटलीचं बूच उडालं."

सासूबाई दारात आल्या. "कुणाकडे? समोरचीकडे?"

चपला पायात सरकवून त्या तरातरा रस्ता ओलांडून गेल्या. "काय गं, साहेबांना पाणी कुठलं दिलंस?"

"नळाचं," शिवणवाल्या काकू म्हणाल्या.

"मला सांगतेस? तुझी किटली मी उचललीय. रिकामी असली तरी दोन हात लागतात."

काकूंनी मान खाली घातली. "उकळून दिलं. दारी आलेल्या माणसाला काय तसंच द्यायचं?"

"मी तर बाटलीबंद आणून ओतलं," सलूनवाला आपल्या दारातून म्हणाला. "धंद्याची जागा आहे. नाव खराब होतं."

सासूबाईंनी एकही दार सोडलं नाही. सुनेचा कळवळा येऊन नव्हे; एकट्या आपलीच अब्रू गेली हे त्यांना सोसवेना. साहेब बाटली घेऊन मागे मागे, आणि घरोघरी त्याच गुठळ्या. संध्याकाळी घाम पुसत त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला.

रविवारी लॉन्ड्रीवालीने लॉजच्या चादरी मशीनमध्ये कोंबल्या आणि नेहमीच्या सवयीने पावडरचा डबा उपडा केला. मऊ पाण्याला चिमूटभर पुरली असती. फेस मशीनमधून निघाला, काउंटरवर चढला, उंबरा ओलांडून गल्लीत उतरला. सलूनवाल्याचं गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या गळ्यापर्यंत बुडालं, आणि सलूनवाल्याने त्याच फेसात त्याची दाढी उरकली. चादरी खळबळून खळबळून तिचे हात गळून गेले.

सोमवारी मॅनेजरने चादर उजेडात धरली आणि डोळे मिचकावले. "बाई, एवढ्या पांढऱ्या? आता आमच्या खोल्यांच्या भिंती मळकट दिसतील. त्याचं काय करायचं?"

लॉन्ड्रीवालीने चादरींचं गाठोडं उचलून त्याच्या छातीवर आपटलं. "या चादरी घ्या आणि निघा," ती म्हणाली. "पुढच्या सोमवारी मळलेल्या वेळेवर आणा."