जिन्यात अडकलेलं कपाट

डेन्मार्कमधल्या रांडर्स गावात दारोदार धर्म सांगत फिरणाऱ्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या जोडीत किंबर एकोणीस वर्षांचा होता आणि स्टकी वीस. तरी एकमेकांना 'एल्डर', म्हणजे वडीलधारे, म्हणायचा नियम होता. दुसरा नियम, जोडीदाराला नजरेआड करायचं नाही.

त्या संध्याकाळी तिकडे अमेरिकेत, युटात किंबरच्या आजीचा अंत्यविधी होता. प्रचाराची मुदत संपेपर्यंत घरी जायचं नाही हे त्याने मुकाट्याने मान्य केलं होतं. निदान फोनवर तरी तो बघणार होता. पण स्टकीने नेमकी तीच वेळ गीडेसन बाईंना कपाट उतरवून द्यायला दिली. धर्म ऐकायला कोणी दार उघडत नसे, सामान हलवायला मात्र सगळं गाव यांना बोलावी.

"एल्डर, सेवा हाच प्रचार," स्टकी म्हणाला.

जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं. वर स्टकी, खाली किंबर.

"एल्डर, जरा तिरकं कर!"

"खड्ड्यात गेली तुझी सेवा! आजीने वाढवलंय मला. मी बघणारच!" किंबर पायरीवर बसला आणि त्याने फोन काढला.

"अरे, पण तू मला दिसत नाहीयेस! नियम आहे आपला!"

"मग कपाटाकडे बघ!"

"कॉफी घ्या रे पोरांनो," वरून गीडेसन बाई म्हणाल्या.

"आमच्या धर्मात कॉफी चालत नाही!" दोघे वडीलधारे एकदम खेकसले.

फोनवर प्रार्थनागीत सुरू झालं. कपाटामागून स्टकीही हळूच गाऊ लागला, नेहमीसारखा बेसूर. किंबरने डोळे पुसले आणि कपाटाला सणसणीत लाथ घातली.

"माझ्या आजीसाठी गातोयस ना, गाढवा? मग सुरात गा!"