वरचे मुलकेरिन, खालचे केरिन्स

शाळेच्या प्रकल्पासाठी सोर्खानं आपलं आडनाव खणायला घेतलं आणि तिच्या अंगात वारंच शिरलं! मूळ आयरिश नाव लांबलचक. सरकारी कारकुनांच्या हातून कुठे त्याचं मुलकेरिन झालं, कुठे मुलकेरन्स, कुठे नुसतं केरिन्स. म्हणजे टेकडीवरचे आपण आणि खाली दलदलीकाठचे केरिन्स, दोन सख्ख्या भावांचा वंश!

मग दोन्ही घरं एकमेकांचा उंबरा का ओलांडत नाहीत, हे विचारायला तिला सवड कुठली? गावात दरवर्षी एकेका घरी होणाऱ्या मिस्सेची, म्हणजे ख्रिस्ती उपासनेची, पाळी यंदा त्यांच्या घरी होती. फादर येणार, स्वयंपाकघरातल्या टेबलाची वेदी होणार, नंतर सगळ्या शेजाऱ्यांना नाश्ता. यंदा केरिन्सांना त्या टेबलाशी बसवायचंच, असं ठरवून तिनं सायकल उतारावर सोडली.

म्हातारी डीलिया केरिन्स कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"डीलियाआजी, आपण भाऊबंद आहोत!"

"बाई गं! हे माझ्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे."

सोर्खाचा चेहरा उतरला. "मग कुणी बोललं कसं नाही?"

"काय बोलणार? जमीनदारानं आमच्या माणसांना घराबाहेर काढलं, तेव्हा ती जमीन कुणी घ्यायची नाही अशी गावानं शपथ घेतली होती. आणि ती जमीन घेतली कुणी? सख्ख्या भावानं. आमची चूल विझायच्या आत त्यानं आपली किटली चढवली."

"पण मिस्सेला तर सगळेच येतात..."

"तुमच्या त्याच स्वयंपाकघरात माझी आजी जन्मली, पोरी. तिथं मी पाहुणी म्हणून येऊ? तुमचा चहा पिऊन वर आभार मानू? आणि तुझ्या वहीत लिही, आमचं नाव कुणा कारकुनानं नाही कापलं. आम्हीच कापलं, त्या माणसाचा विटाळ नको म्हणून."

सोर्खा सायकल ढकलत चढ चढली. आजोबा शिडीवर उभे राहून भिंतीला पांढरा रंग देत होते.

"आजोबा, हे घर केरिन्सांचं होतं?"

ब्रश थांबला. मग पुन्हा चालू लागला.

"प्रकल्पाला दुसरं काही सुचलं नाही तुला? धर ती बादली."

तिनं धरली.

मिस्सेच्या दिवशी सकाळी सगळा शेजार आला. मिस्सा झाली, सॉसेज तळले, हशा पिकला. "काय गोड पोर!" म्हणत सगळ्यांनी तिच्या हातचा चहा घेतला. केरिन्स का आले नाहीत, असं मात्र एकानंही विचारलं नाही.