नटावरचे दात

मी पक्कड. त्या रविवारी आप्पांच्या जुन्या मोटारीचा ब्रेक लागला नाही. ज्या नटामुळे तो लागला नाही, तो माझ्याच दातांनी झिजला होता, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. ही कबुली आहे, क्षमायाचना नव्हे. दोहोंत फरक आहे आणि तो ध्यानात ठेवावा.

तार धरणे, पत्रा वाकवणे आणि वेळप्रसंगी तार तोडणे, एवढ्याचसाठी मला भट्टीत तापवून घडवले गेले. आप्पा मोटार-मिस्त्री. त्यांच्या गॅरेजात मी एकतीस वर्षे काढली आणि तेथे माझा मान राखला जात असे. एखादा शिकाऊ उमेदवार मला नटाकडे नेताना दिसला, की आप्पा मोटारीखालूनच गरजत, “अरे, पाने काय लोणचं घालायला ठेवलेत? नटाला पक्कड लावणारा मिस्त्री नसतो, उंदीर असतो! कुरतडतोय नुसता!”

गॅरेज बंद झाले, आम्ही घरी आलो, आणि माझे दिवस फिरले. माझ्या पाठीने खिळे ठोकण्यात आले. बरण्यांची झाकणे उघडण्यात आली. घरात धडधाकट सांडशी असताना मला उकळत्या पातेल्याला जुंपण्यात आले. हातोडीचे काम हातोडीला आणि सांडशीचे सांडशीला द्यावे, इतकी साधी गोष्ट माणसांना कळत का नाही, हे मला आजवर उमगलेले नाही.

मागच्या शेडमध्ये आप्पांची स्वतःची मोटार होती, त्यांच्या लेकीहूनही वयाने मोठी. पुढच्या रविवारी जुन्या मोटारींचा मेळावा होता. आप्पांना एकच हवे होते: ती स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची आणि स्वतः चालवत न्यायची. म्हणून आठवडाभर आधीच्या शनिवारी सकाळीच त्यांनी सतरंजी अंथरली, तिच्यावर पाने उतरत्या मापाने मांडले आणि ते मोटारीखाली सरकले. ब्रेकच्या तेलाची नळी जोडावर गळत होती. तेथला पितळी नट आवळायचा होता.

त्यांनी योग्य तोच पाना घेतला. तो हातातून निसटला. पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. उजव्या अंगठ्यात जोरच उरला नव्हता. हे आप्पांना ठाऊक होते, आता मला कळले. तिसऱ्या कोणाला कळू द्यायची त्यांची तयारी नव्हती.

“आप्पा, झालं का? मी येऊ खाली?” लेकीने विचारले. ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि सुट्टीच्या दिवशी माहेरी येते.

“काही नको. तू काचा पूस.”

त्यांनी दाराकडे एकदा पाहिले आणि मला उचलले. माझे दांडे लांब, दोन्ही मुठींत मावणारे. मी सरकले, रुतले, पुन्हा सरकले. मऊ पितळेच्या सहा कोपऱ्यांपैकी चार गेले. नट आवळला गेला नाही, आवळल्यासारखा दिसला. ज्या मनुष्याने मला एकतीस वर्षे नटापासून जपले, त्यानेच हे करावे! माझा अगदी संताप संताप झाला. पण माझा जबडा दुसऱ्याच्या मुठीने चालतो.

रविवारी सकाळी चाचणीच्या फेरीसाठी मोटार सुरू झाली. आप्पा चालवत होते, लेक शेजारी, मी मागच्या पेटीत. फाटकापर्यंत उतार आहे. लेकीची आई फाटक उघडून उभी होती. आप्पांनी ब्रेक दाबला आणि पाय तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. लेकीने झेप घेऊन हातब्रेक ओढला. मोटार आईपासून वीतभर अंतरावर थांबली.

“माझा कंटाळा आला असेल, तर तोंडानं सांगावं माणसानं!” आई म्हणाली आणि मग पायरीवर बसली.

लेक मोटारीखाली गेली. बाहेर आली, ती तेलाने माखलेला हात घेऊन. “नटावर दात उमटलेत. पक्कड कोणी लावली?”

“ही पक्कडच बाद झालीय,” आप्पा म्हणाले. “धरतच नाही मेली.”

नाचता येईना, अंगण वाकडे! माझा एकही दात बोथट झालेला नाही.

“तुमच्या गॅरेजात उंदीर कोणाला म्हणायचे हो?” आईने विचारले.

आप्पांनी उजवा हात खिशात घालायला घेतला. लेकीने आपली दोन बोटे त्यांच्या उजव्या तळहातात ठेवली. “दाबा.”

तिने बोटे आणखी आत सरकवली. “दाबा ना, आप्पा.”

“दाबतोय की.”

लेकीने बोटे काढून घेतली नाहीत. “कधीपासून?”

“झाले सहा महिने. सांगितलं असतं, तर तू मला गाडीला हात लावू दिला असतास का?”

“आणि आई चिरडली असती तर?”

आप्पा आईशेजारी पायरीवर जाऊन बसले.

त्या दुपारी शेडच्या पायरीवर जे ठरले, ते असे. सोमवारी हात डॉक्टरांना दाखवायचा. नवी नळी आणि नवा नट आणायचा. आवळणार लेक, सांगणार आप्पा. आई लगेच कबूल झाली. आप्पांनी अट घातली, “मी थांब म्हटलं की थांबायचं. पाव फेरासुद्धा जास्त नको.” ती अट लेकीने मान्य केली. मला यापुढे नटाकडे न्यायचे नाही, हेही ठरले. जोर कमी पडला तर माणसाने माणसाला हाक मारावी, अवजाराला पुढे करू नये, एवढेच माझे मागणे होते.

वाद झाला तो मेळाव्यावरून. मोटार लेक चालवणार, आप्पा शेजारी बसणार, असे आईने सुचवले.

“शेजारी बसून मी काय करू?”

“ओरडा,” लेक म्हणाली. “गॅरेजात ओरडायचात तसं.”

आप्पांनी उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला. मग म्हणाले, “गिअर कर्रकन वाजवलास, तर तिथंच उतरून चालत घरी येईन.”

यालाच होकार समजावे, असे आईने ठरवले आणि लेकीने त्याला दुजोरा दिला. मला कोणी विचारले नाही. तरी माझीही संमती आहे.