इंजिनाची नाडी

बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत त्या सकाळी बावीस गाड्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्या डिझेलच्या, सगळ्या आजारी. मी मोजल्या, कारण मला दुसरा उद्योग नव्हता. आजारी पोराला घेऊन दवाखान्यात उभं राहावं, तशी माणसं आपापल्या बोनेटवर हात ठेवून उभी होती.

रांगेच्या तोंडाशी नाडीवाले. साठीचा माणूस, डोक्याकानांवरून घट्ट घेतलेली पांढरी शाल, आवाज लोण्यासारखा. बोनेटवर दोन बोटं टेकवायची, डोळे मिटायचे, मिनिटभर गप्प राहायचं आणि मग गाडीचं दुखणं सांगायचं. हाताशी एक पाना नाही, बोटांना तेलाचा डाग नाही.

“लोखंडालाही नाडी असते, बेटा,” ते एका टॅक्सीवाल्याला सांगत होते. “तुझ्या इंजिनाला धाप लागली आहे. छातीत काजळी साचली आहे. कुणाची नजर लागली का?”

“शेजाऱ्याची असेल, महाराज.”

“असेलच. किल्ली अर्धी फिरव, इंजिन लावू नकोस.” ते काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी बोनेटवर फुंकर मारली. “आता लाव.”

इंजिन लागलं आणि डॅशबोर्डवरचा, महिनाभर न विझलेला पिवळा दिवा विझला. टॅक्सीवाल्यानं फाटकापर्यंत एक चक्कर मारली. गाडी वाऱ्यासारखी पळाली. गर्दीत एक बाई चक्क रडायला लागली.

मी रडलो नाही. एकतीस वर्षं डिझेल इंजिनं उघडतोय, त्यामुळे रडण्याची कारणं वेगळी आहेत. मी तिथे आलो होतो ते ताईच्या नवऱ्यासाठी, म्हणजे आमच्या दाजींसाठी. दाजींची व्हॅन आहे. डायलिसिसच्या पेशंटना घरून इस्पितळात न्यायचं आणि परत आणायचं, हे त्यांचं काम. व्हॅनचा दिवा आठवडाभर लागलेला होता. चढाला गाडी दम धरत नव्हती, धूर काळा येत होता. मी तपासून सांगितलं होतं, “दाजी, तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय. नको तेव्हा डिझेल आत ठिबकतं. पिस्टन जळेल. दोन दिवस गाडी माझ्याकडे सोडा.”

“दोन दिवस? माझ्या माणसांनी दोन दिवस रक्त कुठे धुवायचं? नदीवर?”

आणि म्हणून आम्ही रांगेत होतो.

आमची पाळी आली. आधी एक पन्नाशीचा माणूस पिवळं फडकं घेऊन आला. “मालक उतरा, मोबाइल बंद करा, दहा पावलं मागे व्हा. शुद्धी करायची आहे.” त्यानं स्टिअरिंग पुसलं, त्याच्या खालचा भाग पुसला आणि तो मागच्या खोलीत निघून गेला. मग नाडीवाल्यांनी बोटं टेकवली.

“चार भाऊ एका घरात राहतात,” ते डोळे मिटून म्हणाले. “त्यातला तिसरा रुसला आहे. त्याच्या तोंडातून लाळ गळते.”

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मला स्वतःच्या एकतीस वर्षांची लाज वाटावी. तिसरा! मी तासभर खपून काढलेलं निदान या माणसानं दोन बोटांनी काढलं होतं. खोटं कशाला बोलू, मीही क्षणभर हललो.

फुंकर. दिवा गेला. ताकद परत आली. फडकेवाल्यानं येऊन पुन्हा एकदा फडकं फिरवलं. नाडीवाले प्रेमानं म्हणाले, “आता याला मिस्त्रीचा हात लागू देऊ नकोस. दवा बाटते.”

परतताना दाजी गाणं गुणगुणत होते. मी म्हटलं, “दाजी, तरी एकदा उघडून—”

“तुला हेवा वाटतोय रे. होतं असं माणसाचं.”

पुढचे बारा दिवस मी गप्प बसलो. तीच माझी चूक. पण सांगून सांगून माणूस थकतो. दर वेळी आपणच कडू औषधाची बाटली घेऊन उभं राहायचं, आणि लोकांनी साखरेच्या गोळीमागे धावायचं.

तेराव्या दिवशी सोमवार होता. डायलिसिसवाल्यांसाठी सोमवार वाईट. शनिवार-रविवारचं पाणी अंगात साचलेलं असतं. व्हॅनमध्ये दोघंच होती : एक म्हातारे शिंपी आणि निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या बाई. पुलाच्या चढावर इंजिनातून हातोडा मारल्यासारखा आवाज आला, धुराचा लोट उठला आणि गाडी जागच्या जागी बसली. रुग्णवाहिका यायला पावणेदोन तास लागले. तोवर शिंप्यांच्या छातीत पाणी भरलं होतं. श्वास घेताना ते बुडणाऱ्या माणसासारखे हात मारत होते, असं दाजींनी नंतर सांगितलं. सांगितलं तेही एकदाच.

शिंपी वाचले, पण चार दिवस ऑक्सिजनवर काढून. दाजींनी दुसऱ्याच दिवशी वखार गाठली. नाडीवाल्यांनी त्यांना विचारलं, “मनात शंका आली होती ना? घरात कुणी अश्रद्ध आहे ना?” दाजी मान खाली घालून परत आले आणि ताईला म्हणाले, “माझ्याच मनात खोट होती.” ताईनं मला फोन केला. म्हणाली, “शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण काहीतरी कर. हा माणूस जेवत नाहीये.”

मी इस्पितळात शिंप्यांना बघायला गेलो. खालच्या मजल्यावर बाई मशीनला जोडलेल्या होत्या. नळीतून रक्त फिरत होतं, आणि त्या मांडीवर शब्दकोडं घेऊन बसल्या होत्या.

“मिस्त्री, बसा,” त्या म्हणाल्या. “मला सगळं पहिल्यापासून सांगा. मला चार तास उठता येत नाही, तुमचं सुटणं अवघड आहे.”

मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं. “असं कुणी आहे का, ज्याची गाडी त्यांनी बघितलीच नाही?”

मी आठवलं. “एक जुना ट्रक होता. तीस वर्षांचा असेल. त्याला हात न लावताच परत पाठवलं. म्हणाले, याचा प्राण कधीच गेलाय. खरं तर तो ट्रक त्या रांगेतला सगळ्यात धडधाकट होता.”

“नव्या गाडीत आहे आणि त्या ट्रकमध्ये नाही, असं काय असतं?”

प्रश्न एवढाच. संगणक! नव्या गाडीतला संगणक इंजिनाचा दोष टिपून ठेवतो, दिवा लावतो आणि इंजिन जळू नये म्हणून त्याची ताकद मुद्दाम आवरतो. स्टिअरिंगखाली एक खोबण असते. तिच्यात काड्यापेटीएवढं यंत्र खोचलं, की दोष मोबाइलवर वाचता येतो. आणि बटण दाबलं, की ती नोंद पुसता येते. नोंद पुसली की दिवा जातो, ताकद परत येते. दोष मात्र तसाच राहतो, पुन्हा पकडला जाईपर्यंत. असलं यंत्र माझ्या गॅरेजातही खिळ्याला टांगलेलं होतं. रोज वापरतो. आणि त्या फडक्याआडून तेच खोबणीत जात असताना मी नुसता बघत राहिलो होतो.

“म्हणजे तुम्ही डोळे मिटून बघत होतात,” बाई म्हणाल्या. “चालायचंच. आता सिद्ध कसं करणार?”

“खोबणीचा फ्यूज काढला तर यंत्राला वीजच मिळणार नाही.”

“छान. मग नाडीवाल्यांच्या बोटांनाही मिळते का, ते बघू.”

पुढच्या आठवड्यात आम्ही बाईंच्या भाचीची गाडी घेऊन गेलो. निघण्याआधी मी दोन गोष्टी केल्या : इंजिनात जाणारी हवा मोजणारा जो सेन्सर असतो, त्याची वायर उपसून ठेवली, म्हणजे दिवा लागला, आणि तो फ्यूज काढून खिशात टाकला. दाजींनाही ओढून आणलं होतं. ते लांब भिंतीशी उभे राहिले.

फडकं फिरलं. फडकेवाला खोलीत गेला. नाडीवाल्यांनी बोटं टेकवली. एक मिनिट गेलं. दोन. पाच. शालीखालून घाम ओघळायला लागला.

“वाहन फार दुःखी आहे,” ते म्हणाले.

“कशानं?” बाईंनी विचारलं.

“दुःख खोल आहे.”

“किती खोल? बोनेट उघडू का?”

मागून कुणीतरी हसलं. नाडीवाल्यांनी ठोकून दिलं, “डिझेलमध्ये पाणी शिरलं आहे!” फुंकर मारली. भाचीनं इंजिन लावलं. दिवा तसाच. पुन्हा फुंकर. दिवा तसाच.

तेव्हा मी पुढे झालो, भाचीला इंजिन बंद करून किल्ली अर्धी फिरवायला सांगितलं आणि फ्यूज परत बसवला. मिनिटभरानं खोबणीतलं फडकेवाल्याचं यंत्र उपसून खिशात टाकलं, माझं यंत्र मुठीत झाकून तिथे खोचलं, दोन बोटं बोनेटवर टेकवली, डोळे मिटले आणि तोंडाला येईल ते बडबडलो. बहुधा स्पेअर पार्टची यादी होती. दुसऱ्या हातानं मोबाइलवरचं बटण दाबलं. “आता लावा.”

दिवा विझला. आणि गर्दीतला एक म्हातारा पुढे येऊन माझ्या पाया पडला.

तुम्हाला सांगतो, त्या दिवसातला सगळ्यात वाईट क्षण तोच. “अहो आजोबा, उठा!” मी जवळजवळ ओरडलोच. “पाया नका पडू, या खोबणीत काय आहे ते बघा!” मी यंत्र उपसून वर धरलं. “आणि वीस आकडे मोजा.”

कुणीतरी मोजायला लागलं. चौदाला दिवा पुन्हा लागला. मी बोनेट उघडलं, सुटलेली वायर सगळ्यांना दाखवली आणि खटकन बसवली. यंत्र पुन्हा खोचून नोंद पुसली. या वेळी शंभरपर्यंत मोजलं. दिवा लागला नाही.

“शाल काढा,” बाई नाडीवाल्यांना म्हणाल्या, पस्तीस वर्षं वर्गातल्या पोरांकडून चिठ्ठ्या काढून घेतल्या होत्या त्या आवाजात. त्यांनी काढली नाही. दिवा पुन्हा लागल्यामुळे परत आलेल्या टॅक्सीवाल्यानं ओढली. कानात शेंगदाण्याएवढा बिनतारी इअरफोन होता. फ्यूज बसताच दोष वाचलेल्या, खोलीतल्या फडकेवाल्याचा आवाज त्यातून बाहेर ऐकू आला : “हवेचा सेन्सर आहे, हवेचा! ऐकू येतंय का?”

लोक हसले. मग चिडले. नाडीवाले गर्दीतून वाट काढत निघून गेले ते गेलेच. फडकेवाला मात्र खोलीच्या पायरीवर बसून राहिला. मी त्याला विचारलं, “तुला हे सगळं कळतं कसं?”

“मीही मिस्त्रीच होतो, दादा,” तो म्हणाला. “खरं सांगायचो तेव्हा गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जायचं. तेच यांच्या तोंडून गेलं, की रांग लागायची.”

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

त्या दुपारी दाजी आणि मी व्हॅनचं इंजिन खोललं. तिसरा पिस्टन वरून वितळला होता. दाजींनी तो दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, “तू तेव्हा भांडला का नाहीस?”

“तुम्ही खुशीत होतात, दाजी.”

“तरी भांडायचं.”

पुढे ते शिंप्यांच्या घरी माफी मागायला गेले. शिंपी म्हणाले, “अहो, नाडीवाल्यांकडे जा, असं तुम्हाला मीच नव्हतं का सुचवलं? माझी सोमवारची फेरी चुकू नये म्हणून.” दोघंही रडले, असं ताई सांगते.

बावीस गाड्यांपैकी सात माझ्या गॅरेजात आल्या. बाकीच्या आल्या नाहीत. त्यातले काहीजण म्हणतात, नाडीवाले खरेच होते, त्या दिवशी आमच्यामुळे त्यांची शक्ती गेली. मी वाद घालतो. कंटाळा येतो, पण घालतो. दाजींनी तेवढं माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. दिवा विझणं आणि दोष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीत, शरीरात, घरातसुद्धा. कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी विचारा : हे झालं कसं? आणि जिथे झालं नाही, ती माणसं कुठे आहेत? विचारल्यानं खरं असेल ते मोडत नाही. न विचारल्यानं काय होतं, ते दाजींनी पुलाच्या चढावर बघितलं आहे.